शिवून दिलेली पानं

न्यालोंग्वे एकतीस वर्षं सरोवराकाठच्या सरकारी दवाखान्यात सुईण होती. निवृत्त होऊन टेकडीवरच्या आमच्या गावी परतली, ती तोंडाचा पट्टा सोबत घेऊनच. चौदा-पंधराच्या पोरींची बाळंतपणं करून हात थकले, आता त्यांना आधीच सगळं सांगायचं, असं ती चर्चच्या महिला मंडळात उभी राहून म्हणाली, तेव्हा अर्ध्या बायकांनी माना खाली घातल्या. मी घातली नाही. माझी तावोंगा पंधराची होती. आमच्यात आईने मुलीशी या गोष्टी बोलायच्या नसतात. ते काम आत्याचं, नाहीतर आजीचं. तावोंगाला दोघीही नाहीत. त्यामुळे न्यालोंग्वे मला देवाने धाडल्यासारखीच वाटली.

तिने पोरापोरींच्या शुक्रवारच्या वर्गासाठी, प्रत्येकाला एक, अशी चोवीस पुस्तकं शहरातून मागवली. शरीर कसं वाढतं, नको कसं म्हणायचं, दिवस कसे जातात, रोग कसे टाळायचे, असे अकरा धडे. चर्चच्या पाळकांनी भोळेपणाने ती प्रभुभोजनाच्या, म्हणजे पवित्र भाकर वाटायच्या मेजावर मांडून त्यांच्यावर प्रार्थनाही केली. उघडून मात्र कोणी पाहिलं नव्हतं.

सोमवारी हरावांनी पाहिलं. ते मंडळीच्या वडीलजनांचे प्रमुख. दिवस जाण्याबद्दलच्या सहा ते नऊ या धड्यांवर त्यांचा पारा चढला तो उतरेना. तीन महिने बैठका चालल्या. न्यालोंग्वे दर वेळी बाहेर बाकावर बसून राहायची आणि आतून बोलावणं यायचं नाही. पानं फाडावीत तर प्रार्थना झालेली, परत पाठवावीत तरी तेच. शेवटी त्या शहाण्यांनी तोडगा काढला, तेवढी पानं शिवून टाका म्हणाले. गावात शिलाई यंत्र एकच आहे, माझं.

पुस्तकांची पेटी न्यालोंग्वेने स्वतः डोक्यावरून आणली. रागाने तिला धड बोलता येत नव्हतं. निघताना मात्र हळूच म्हणाली, "सैल शिव गं. पोरं उसवतील."

वीस वर्षं मी मंडळाचे गणवेश शिवतेय. सैल शिवण माझ्या हाताला येतच नाही. खरं सांगायचं तर वडीलजनांचा शब्द मोडायची छातीही नव्हती. दोन सुया मोडल्या, पण शिवण पक्की घातली.

तरी पोरांनी ब्लेडने उसवलीच. दर शुक्रवारी न्यालोंग्वे पाचव्या धड्यावरून थेट दहाव्यावर उडी मारायची, पोरं खाली बघून हसायची, आणि तीही ओठ दाबून हसायची. मला वाटलं, चला, निभावलं.

जूनमध्ये तावोंगाला दिवस गेल्याचं कळलं. वडीलजनांनी लगेच निकाल दिला. बाळ होईपर्यंत मागचा बाक आणि प्रभुभोजन बंद. पोरगा कोण, हे विचारायचं कोणाला सुचलंसुद्धा नाही. या खेपेला न्यालोंग्वे बोलावण्याची वाट न बघता सरळ आत घुसली. मीही मागोमाग गेले.

"पुस्तकं उसवली, त्याचं हे फळ," हरावा म्हणाले.

न्यालोंग्वेने तावोंगाचं पुस्तक त्यांच्यापुढे आपटलं. "टाके मोजा. चोवीसांतलं हे एकच शाबूत आहे."

हरावांनी शिवण ओढून पाहिली. मग माझ्याकडे वळले. "बाकी तेवीस उसवलीत ना? पुढच्या वर्गासाठी नवी वीस येताहेत. त्यांना दुहेरी शिवण घाला."

मला संताप तर असा आला की, यंत्र उचलून सरोवरात फेकावं.

घरी आले तर तावोंगा चुलीपाशी मक्याच्या पिठाचा न्सिमा घोटत होती. तिच्या समोर बसले आणि आईने विचारू नये ते विचारलं. सगळ्यांनी उसवलं, मग तूच का नाही?

तिने हातातला डाव थांबवला नाही. "तू शिवलं होतंस ना, आई. मला वाटलं, मी वाचलेलं तुला नको असेल."