अण्णांचं लिव्हर आणि माझ्या पत्रकातली ओळ

माणसाचा जीव वाचवायचा की त्याचं नाव, असा प्रश्न तुमच्यापुढे आला तर तुम्ही क्षणभर तरी अडखळाल का? मी अडखळले नाही. मी सरळ नाव वाचवलं आणि वडिलांचा जीव धोक्यात घातला.

अण्णा, म्हणजे माझे वडील, फौजेत राहूनही दारूच्या थेंबाला शिवले नाहीत. कराडजवळच्या आमच्या गावात दारूचं दुकान बंद करण्यासाठी बायकांचं मतदान झालं, तेव्हा आडव्या बाटलीसाठी, म्हणजे दुकानबंदीच्या मतांसाठी, ते घरोघर फिरले. पत्रकं मी लिहिली. आमच्या घरात गोष्टींच्या पुस्तकांपेक्षा पत्रकांचे गठ्ठेच जास्त. मी त्यांवरच वाढले. दुकान बंद झालं. पुढच्याच वर्षी सोनोग्राफीत निघालं, की अण्णांच्या लिव्हरवर चरबी चढली आहे आणि ते कडक होऊ लागलं आहे. साखरेचा आजार जुना होता, त्यातूनच हे झालं होतं. पण लिव्हर म्हटलं की गावाला दारूच दिसते, त्यांना हे कोण पटवणार? अण्णा म्हणाले, "ह्यो कागद कुणाला दावू नगंस." मी तो माझ्या नेहमीच्या पिशवीच्या तळाशी, उरलेल्या पत्रकांखाली ठेवला.

मग अण्णांच्या छातीत दुखू लागलं आणि सांगलीत बायपास ठरली. रक्ततपासणीत काहीतरी खटकलं म्हणून डॉक्टरांनी दोनदा विचारलं, "लिव्हरचा त्रास होता का?" दोन्ही वेळा मी म्हणाले, "नाही."

ऑपरेशन नीट झालं. बरोबरचे रुग्ण चार-पाच दिवसांत चालू लागले. अण्णांचे मात्र डोळे पिवळे पडले, पाय सुजले, गुंगी उतरेना. हृदय चांगलं चाललं होतं, तरी माणूस खालीखालीच जात होता. औषधं त्यांना इतरांसारखीच मिळत होती. ती पेलणारं लिव्हर कसं आहे, हे तिथे मला एकटीलाच ठाऊक होतं. मी पालीच्या खंडोबाला हात जोडले. काय मागितलं, ते सांगायला आज लाज वाटते: देवा, कागद न दाखवता त्यांना बरं कर.

एका दुपारी आयसीयूबाहेर जतकडची एक म्हातारी शेजारी बसली होती. तिच्या भावाचंही ऑपरेशन झालं होतं. सवयीनं मी तिला एक पत्रक दिलं.

"मला कुठलं वाचाया येतंय? तूच वाच की पोरी."

मी वाचू लागले. तिसरीच ओळ होती: 'लिव्हर सडतं ते दारूनंच.' मी पत्रक मिटलं.

"कुणा शाण्यानं लिवलंय गं ह्ये?" ती म्हणाली. "आमच्या मालकांनी जल्मात दारू चाखली न्हाई. लिव्हरवर चरबी हाय म्हणलं डाक्टर. गाव बेवडा म्हणंल म्हणून दुखणं लपवून ठिवलं, दवाच घेतली न्हाई. गेलं की मग!"

"मावशी, हे मीच लिहिलंय. आणि माझ्या अण्णांच्या लिव्हरचा कागद याच पिशवीत लपवलाय."

तिनं कनवटीची पुडी सोडून माझ्या कपाळाला खंडोबाचा भंडारा लावला. "मग हितं काय बसलीयास? ऊठ."

मी कागद डॉक्टरांपुढे ठेवला. "आधी का नाही दिलात?" एवढंच ते म्हणाले. त्यांनी लिव्हरच्या डॉक्टरांना बोलावलं, काही औषधं थांबवली, काहींचा डोस बदलला. तिसऱ्या दिवशी अण्णांनी डोळे उघडून चहा मागितला. मी रडत सगळं सांगितलं. "दावलास व्हय? बरं केलंस," ते पुटपुटले. "गाव बोलंल चार दिस."

पूर्ण बरं व्हायला पुढे कितीतरी आठवडे गेले. त्या मावशीला शोधायला गेले, तेव्हा तिच्या भावाला घरी सोडलं होतं. मी तिचं नावही विचारलं नव्हतं. ती कोण होती, यावर मला वाद घालायचा नाही. मी देवाकडे मागितलं ते त्यानं दिलं नाही, याचे उपकार जन्मभर फिटणार नाहीत. देवावर भार टाकायचा म्हणजे आधी हातात लपवलेलं खाली ठेवायचं, एवढं मला कळलं.

तुमच्या घरातलं कुणी ऑपरेशनला जाणार असेल, तर कपाटातले जुने कागद आजच काढा आणि सगळेच्या सगळे डॉक्टरांपुढे ठेवा. आणि माझं ते पत्रक तुमच्याकडे असेल, तर पेन घ्या आणि तिसरी ओळ खोडून टाका.