पूर्वेच्या भिंतीवरचा नकाशा

सानपाड्याच्या त्या चार मजली सोसायटीत नंदकिशोर नलवडेला ओळखत नाही असं कोणी नव्हतं, आणि त्याचं सगळं श्रेय त्याचं त्यालाच होतं. जिन्यात भेटलेल्या माणसाला तो नुसता जाऊ देत नसे. दूधवाल्याला तो कॅल्शियम समजावून सांगे, प्लंबरला पाण्याचा दाब. रबाळ्याला रबरी वायसर बनवणाऱ्या एका कारखान्यात तो क्वालिटी कंट्रोलला होता. म्हणजे दुसऱ्यांनी केलेली वस्तू हातात घ्यायची आणि तिच्यात काय चुकलं ते सांगायचं. संध्याकाळी घरी आल्यावरही त्याची ड्यूटी सुटत नसे.

तळमजल्यावर मुलाकडे राहणाऱ्या जयमालाबाई कुर्ल्याच्या मराठी शाळेत बत्तीस वर्षं शिकवून निवृत्त झाल्या होत्या. नवं मूल कसं आहे हे कळायला त्यांना पहिला तास पुरत असे. नलवडे कसा आहे हे कळायला अर्धा तासही लागला नाही.

नलवडेनं आपली एकुलती एक मुलगी ज्ञानेश्वरी हिला १९९५ साली बालवर्गातून काढून घरी बसवलं होतं. कारण काय, तर बाईंनी तिला एकाच पानावर चाळीस वेळा ‘अ’ काढायला लावला. “शाळा म्हणजे साचा आहे, मॅडम,” तो म्हणे. “सगळे वायसर एका मापाचे.” आयुष्यभर वायसर मोजूनही या माणसाला एका मापाचे वायसर वाईट का वाटतात, हे जयमालाबाईंना कधी कळलं नाही. आपल्याला लहानपणी गावच्या शाळेत मास्तरांनी वेताच्या छडीनं फोडून काढलं, हेही तो हटकून सांगे. एकदा त्याची आई राजाबाई कोरेगावहून दिवाळीला आली असताना त्यानं पाहुण्यांपुढे ही छडी काढली, तर म्हातारी करंजी मोडता मोडता म्हणाली, “आरं, कवा मारलं तुला? तू तर मानिटर हुतास. पोरांची नावं फळ्यावर तूच लिवायचास.”

नलवडे हसला आणि आईला ब्लडप्रेशरची माहिती देऊ लागला.

जयमालाबाई त्या घरात गेल्या त्या प्रेमलामुळे. प्रेमला म्हणजे नलवडेची बायको. १९९७ च्या जानेवारीत एका दुपारी ती खाली आली, चहा नको म्हणाली आणि दोन कप प्यायली. नवरा दिवसभर कारखान्यात, मुलीला शिकवणार कोण? रोज दहा ते बारा तुम्ही बसाल का? जयमालाबाई हो म्हणाल्या. सुनेच्या स्वयंपाकघरात लुडबुड करण्यापेक्षा ते बरं होतं.

पहिल्याच दिवशी नलवडेनं त्यांच्या हातात एक जाडजूड फाइल ठेवली. प्रत्येक आठवड्याला एक प्लास्टिकचा खिसा. “तुम्ही टीचर नाही, तुम्ही गाइड,” तो म्हणाला. “फक्त फाइल फॉलो करायची. आपलं डोकं चालवायचं टेन्शन घ्यायचं नाही.” बत्तीस वर्षं चाललेलं डोकं जयमालाबाईंनी त्या दिवसापुरतं पदराआड ठेवलं.

सात वर्षांच्या ज्ञानेश्वरीला त्या फाइलीनं एकशे दहा देशांच्या राजधान्या पाठ करवल्या होत्या. घरी आलेल्या माणसाला पोहे मिळण्याआधी निदान वीस राजधान्या ऐकाव्या लागत. पण समोरच्या रस्त्यावरची पिठाची गिरणी कुठे आहे, हे त्या मुलीला सांगता येत नसे, कारण गिरणी फाइलीत नव्हती. रोज सकाळी ती खिडकीत उभी राहून शाळेच्या बसला जाणारी मुलं बघे. त्यांची नावं तिला माहीत नव्हती. लाल दप्तर, चेन तुटलेलं दप्तर, अशी ती त्यांना ओळखत असे. “आज चेनवाली नाही आली, आजी,” ती जयमालाबाईंना काळजीनं सांगे.

आता नकाशाचं. जगाचा भलामोठा चकचकीत नकाशा आधी बाहेरच्या खोलीत होता. मग नलवडेला वास्तुशास्त्राचा नाद लागला. त्या वर्षांत तो अर्ध्या नव्या मुंबईला लागला होता. लोक नव्या घरात राहायला यायचे आणि आल्याबरोबर ते घर वळवायला बघायचे. ठाण्याहून आलेल्या एका गृहस्थानं होकायंत्र लावून नलवडेचा फ्रिज हलवला, आरसा काढला आणि मुलीनं पूर्वेकडे तोंड करून अभ्यास करावा असं सांगितलं. झालं. टेबल पूर्वेच्या भिंतीला टेकलं, आणि टेबलावरून नजर जाईल असा नकाशा त्याच भिंतीवर, खिडकीशेजारी चढला.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी जयमालाबाईंनी सहज विचारलं, “मुंबई आपल्या कुठल्या बाजूला गं?”

“दक्षिणेला,” ज्ञानेश्वरी म्हणाली. “खाडी ओलांडली की.” आणि तिनं पाठीमागे बोट दाखवलं.

जयमालाबाईंनी फाइल मिटली. “आणि सूर्य कुठे उगवतो?”

“पुस्तकातला पूर्वेला उगवतो. आपल्याकडे उत्तरेला.” खिडकीतून तुर्भ्यामागचा डोंगर दिसत होता, त्याच्यावर तिनं बोट ठेवलं. “मी रोज बघते ना. नकाशात वर उत्तर असते. सूर्य तिथूनच येतो. आपलं शहर नवीन आहे, त्याच्या प्लॅनमध्येच तसं असेल.”

पोरीनं बिचारीनं काहीच चुकीचं केलं नव्हतं. बापानं सांगितलं होतं, नकाशाची वरची बाजू उत्तर, उजवी पूर्व. वरची म्हणजे समोरची, असं समजून समोरची बाजू तिनं उत्तर धरली आणि सगळं जग पाव फेरा फिरवून नीट लावून ठेवलं. आणि ज्या नलवडेनं पूर्वेसाठी फ्रिज ओढला होता, त्याच्या हे कधी ध्यानातच आलं नाही. त्याच्या डोक्यात दोन पूर्व होत्या, एक वास्तूची आणि एक पाठांतराची, आणि त्या दोघींची कधी गाठ पडली नव्हती.

जयमालाबाई दुसऱ्याच दिवशी ही चूक सुधारणार होत्या, पण त्याच दुपारी प्रेमला जिन्यात भेटली. नवऱ्याशी नऊ दिवस अबोला धरून तिनं त्याच्याकडून एक गोष्ट कबूल करून घेतली होती. एप्रिलमध्ये जवळच्या एका शाळेत मुलीला न्यायचं. मुख्याध्यापिकेनं तिला काय हवं ते विचारावं. ती एका जरी प्रश्नाला चुकली, तर जूनपासून शाळेत घालायचं. नाही चुकली, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. कधीच नाही.

“ती कुठे चुकणार, बाई?” प्रेमला म्हणाली. “एकशे दहा राजधान्या. नशीबच फुटलंय माझं.”

तेव्हा जयमालाबाईंनी तिला दिशांचं सांगितलं. प्रेमलाचे डोळे लकाकले. तिनं बाईंचा हातच धरला.

“तुमी तिला सांगू नका हां. चुकू दे. एकदा चुकली की सुटली.”

जयमालाबाईंनी हात सोडवून घेतला नाही. मुलीनं शाळेत जावं असं त्यांनाही वाटत होतं. आणि खरं सांगायचं तर, त्या माणसाचं तोंड चारचौघांत उतरलेलं बघायची हौसही होती. दोन महिने त्यांनी दिशांचा विषय काढला नाही. फाइल फॉलो केली. महासागर झाले, वाळवंटं झाली.

गुढीपाडवा होऊन चार दिवस झाले होते. ज्ञानेश्वरी पेन्सिलीला टोक करता करता म्हणाली, “आजी, तुमच्या घरी पण सूर्य उत्तरेलाच उगवतो का?”

बत्तीस वर्षांत मुलांनी त्यांना नाही नाही ते विचारलं होतं. ठाऊक असताना त्यांनी कुणाला खोटं उत्तर दिलं नव्हतं. आणि आता एका वायसरवाल्याला हरवायला त्या एका सात वर्षांच्या मुलीला खड्ड्यात ढकलायला निघाल्या होत्या. नलवडेबद्दल त्यांना जे वाटत असे त्यातलं थोडंसं त्या क्षणी स्वतःबद्दल वाटलं.

“नकाशा काढ भिंतीवरून,” त्या म्हणाल्या. “गच्चीवर चल.”

कुर्ल्याच्या शाळेत त्या नकाशा नेहमी जमिनीवर अंथरत. भिंतीवर टांगलेल्या नकाशाकडे मुलं नुसती बघतात, जमिनीवरच्या नकाशात ती उभी राहतात. गच्चीवर त्यांनी चटई टाकली, डोंगराकडे तोंड करून ज्ञानेश्वरीला उभं केलं आणि तिचा डावा हात धरून वर उचलला. “ही उत्तर. नकाशाचं डोकं तिकडे कर.” चार कोपऱ्यांवर चार विटांचे तुकडे ठेवले. “आता आत ये.”

“पाय लागेल ना.”

“मग नमस्कार कर आणि ये.”

मुलीनं वाकून हिंदी महासागराला हात लावला, तो कपाळाला लावला आणि चपला काढून भारतावर उभी राहिली. डोंगराकडे बघितलं. मागे खाडीकडे बघितलं. पायाखाली बघितलं. मग हळूच म्हणाली, “म्हणजे मुंबई पश्चिमेला.” आणि जरा वेळानं, “म्हणजे बाबांचं चुकलं?”

“नकाशा चुकीच्या भिंतीवर लागला,” जयमालाबाई म्हणाल्या. बापाची त्यांनी तेवढी अब्रू राखली. राखायला नको होती, असं त्यांना पुढे वाटलं.

संध्याकाळी प्रेमलाला कळलं तेव्हा ती दारातच उभी राहून म्हणाली, “तुमाला काय, तुमी दोन तास बसून खाली जाता.” आणि दार लावून घेतलं.

एकवीस एप्रिलला, सोमवारी, सकाळी साडेआठला चौघं शाळेत गेली. नलवडेनंच जयमालाबाईंना बरोबर घेतलं होतं, गाइडनं निकाल बघावा म्हणून. मुख्याध्यापिका बतूल मुकादम या पेणकडच्या, शांत, कमी बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांच्या पाठीमागे खिडकी होती, खिडकीत डोंगर, आणि डोंगरावरून येणारं ऊन समोर बसलेल्यांच्या थेट तोंडावर. बसलेल्यांच्या उजव्या हाताच्या भिंतीवर भारताचा जुना नकाशा टांगलेला होता.

मुकादमबाईंनी आधी वाचून घेतलं. मग पाढे विचारले. मग नलवडे मध्येच म्हणाला, “भूगोल विचारा, मॅडम. राजधान्या विचारा.”

“राजधान्या नकोत,” बाई म्हणाल्या. “बाळ, पूर्व कुठे आहे, दाखव बघू.”

ज्ञानेश्वरीनं हात उचलला आणि बाईंच्या डोक्यावरून सरळ खिडकीतल्या डोंगराकडे बोट दाखवलं. शेजारी प्रेमलानं डोळे मिटून घेतले.

“बेटा,” नलवडे म्हणाला, “घाई नको. समोर काय असतं? उत्तर. नकाशा बघ.” तो खुर्चीतून उठला, भिंतीवरच्या नकाशाकडे वळला आणि त्याच्या उजव्या कडेकडे हात करून दाखवू लागला. हात खोलीच्या दाराकडे गेला. दाराबाहेर पटांगण होतं, पटांगणापलीकडे खाडी. “उजवीकडे पूर्व. किती वेळा सांगितलंय?”

डाव्या गालावर सकाळचं ऊन घेऊन तो पूर्व म्हणून खाडी दाखवत होता.

मुकादमबाईंनी चष्मा काढला. “साहेब, हे ऊन कुठून येतंय?”

“खिडकीतून,” नलवडे म्हणाला.

मुकादमबाईंनी चष्मा पुन्हा चढवला. त्यांनी मुलीकडे पाहिलं. “तू सांग. कुठे?”

ज्ञानेश्वरी बापाकडे बघत होती. तिचा डोंगराकडचा हात खाली आला. मग तो पुन्हा वर गेला, दाराकडे.

“बरोबर,” नलवडे म्हणाला आणि बसला.

“चूक,” मुकादमबाई म्हणाल्या.

मग प्रेमला अगदी खालच्या आवाजात म्हणाली, “अहो, चुकली ती. तुमी शब्द दिलाय.”

जयमालाबाई नलवडेकडे बघत राहिल्या. त्यानं एवढंच म्हणायला हवं होतं, की मुलगी आधी बरोबर होती, मी तिला चुकवलं. तेवढं म्हटलं असतं तर तो जिंकत होता. मुलगी घरी राहिली असती, फाइल राहिली असती. पाच सेकंदांचं काम. मुलीसाठी नोकरीवर लाथ मारेन असं सांगत सोसायटीभर फिरणाऱ्या त्या माणसाला ते पाच सेकंद जमेनात. त्यानं खिडकीकडे बघितलं, नकाशाकडे बघितलं. कळलं त्याला. कळल्याचं तोंडावर दिसलं.

“या बिल्डिंगची दिशाच चुकलेली आहे,” तो शेवटी म्हणाला. “वास्तूप्रमाणे नाहीये ही. मुलीचा गोंधळ होणारच.”

“असेल,” मुकादमबाई म्हणाल्या आणि प्रवेशाचा फॉर्म त्यांनी प्रेमलापुढे सरकवला.

नलवडे ‘पार्किंग बघतो’ म्हणून बाहेर गेला. ते बस पकडून आले होते. प्रेमलानं फॉर्म भरायला घेतला. जयमालाबाई मुलीला घेऊन व्हरांड्यात आल्या.

“तुला येत होतं,” त्या म्हणाल्या.

ज्ञानेश्वरीनं मान हलवली. “बाबा समोर होते ना.” मग ती पटांगणाकडे बघू लागली. सुट्टीआधीची परीक्षा द्यायला मुलं आत येत होती. “आजी, ती बघा चेनवाली. दप्तर नवीन घेतलं तिनं.”

जूनमध्ये ज्ञानेश्वरी शाळेच्या बसला जाऊ लागली. जयमालाबाईंचं वर जाणं बंद झालं. प्रेमला मात्र आता तीनदा विचारल्याशिवाय चहाला हो म्हणत नसे.

नकाशा त्याच भिंतीवर राहिला. जुलैतल्या एका रविवारी जयमालाबाई दारातल्या तुळशीची वाळकी पानं खुडत असताना नलवडेचा आवाज जिन्यातून खाली आला. तिसऱ्या मजल्यावर नव्यानं राहायला आलेल्या एका गृहस्थाला त्यानं कठड्याशी गाठलं होतं.

“नाही, मीच घातलं शाळेत,” तो सांगत होता. “बेसिक सगळं मी तिच्याकडून करून घेतलं. दिशा, नकाशा, सगळं. आता घरी शिकवण्यासारखं तसं काही उरलं नव्हतं. तुमची बेडरूम कुठल्या बाजूला आहे?”

जयमालाबाईंनी पानं मुठीत गोळा केली, आत गेल्या आणि दार ओढून घेतलं.