सीमेच्या दगडापाशी रामटेके बाई

इतिहासाचा धडा वाचून झाला की रामटेके बाई पुस्तक मिटायच्या आणि विचारायच्या, "हे कोनं लिवलं? आन् कोनाले इचारून लिवलं?" एटापल्लीच्या आमच्या शाळेत असं विचारणाऱ्या त्या एकट्याच.

बाई सिंदेवाहीच्या, बौद्ध घरातल्या. काटक, सावळ्या, हातावरचा खडू पदरालाच पुसायच्या. म्हणायच्या, "माह्या आज्याची जात सायबाच्या कागदावर होती. बापानं धर्म बदलून ती खोडली. कागद म्हंजे काई देवाचा शब्द नाई."

मी नववीत होते, शाळेच्या वसतिगृहात राहायची. माझी घरची भाषा गोंडी. ती बोललं की मुली हसायच्या, म्हणून मला ती भाषा येतच नाही असं सांगून टाकलं होतं.

इंग्रजांच्या जंगल कायद्याचा धडा आला, तेव्हा बाईंनी वर्ग पायीच रानात नेला. राखीव जंगलाच्या सीमेवर रोवलेला एक जुना दगड होता. माहिती सांगायला बाईंनी रानापलीकडच्या गावातला एक म्हातारा बोलावला होता. ते माझे आजोबा निघाले.

आजोबा गोंडीत बोलू लागले. बाईंनी विचारलं, "मराठीत कोन सांगन?"

कुणी उठलं नाही. मी मान खाली घातली. आजोबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि नजर वळवली. ओळख दाखवली नाही. माझी लाज त्यांना कळली होती, आणि ते ती झाकत होते. बाई पाचोळ्यातच मांडी घालून बसल्या. "बसा पोरीहो. आपल्याले घाई नाई."

शेवटी मला राहवलं नाही. उठले. "हे माझे आजोबा आहेत," म्हटलं, आणि त्यांचं बोलणं मराठीत सांगू लागले. "माझे वडील सांगायचे, इंग्रजांचे मोजणीवाले आले, हा दगड रोवला. सकाळी जंगल आमचं होतं. संध्याकाळी मोहफुलं वेचणारे आम्ही चोर झालो. कायदा कुठल्या भाषेत होता, तेही कळलं नाही."

कुणी हसलं नाही. बाई म्हणाल्या, "आयका. कागदाची भाषा नाई आली तं जंगल जाते. घरची भाषा गेली तं मानूस जाते. इंग्रजानं आपल्याले या दोघींच्या मधात उभं केलं. आता दोन्ही धरून ठेवा, एकीसाठी दुसरी सोडू नका."

आज मी इतिहासच शिकवते, मराठीत आणि गोंडीत. बाई आजारी असल्याचं कळलं तेव्हा सिंदेवाहीला गेले. खूप थकल्या होत्या. त्यांचा हात हातात घेऊन म्हटलं, "बाई, त्या दिवशी तुम्ही मला माझे आजोबा परत दिले."

त्या हसल्या. "मी काय देल्लं वो? बोलली तं तू. मी फक्त वाट पाह्यली."

पुढच्याच आठवड्यात त्या गेल्या. आता वर्गात एखादी मुलगी मान खाली घालून गप्प बसली की मी तिच्याजवळ जाऊन बसते. बोलत नाही.