हौसाच्या आळ्यातला पातेरा

"तो पातेरा तुझ्या बापाचा व्हता काय रं, रावजी?"

"पातेऱ्याला कवापासना बाप लागला, वयनी? झाडाखाली पडलेला पातेरा आन् वाटेवर पडलेला शेन, ज्याच्या हाऱ्यात गेला त्याचा."

"पडलेला नव्हता, मुडद्या. घातलेला व्हता. दोन महिने डोईवरना वाहून आनला नि एकेका आळ्यात इतभर जाड पसरला. दिसला नाय तुला?"

"दिसला की. म्हनून तर नेला. आयता गोळा केलेला."

हौसाने हातातला पत्र्याचा डबा कातळावर आपटला. रावजी दोन पावलं मागे सरला. आपलं कुठंतरी चुकलंय हे त्याला कळलं, पण कुठं ते कळेना. आणि परत आणून द्यायचीही सोय नव्हती. भात पेरायच्या जागी शेण, कवळ म्हणजे तोडलेल्या डहाळ्या, आणि पातेरा म्हणजे गळलेली सुकी पानं अंथरून पेटवायची, त्याला आम्ही भाजवळ म्हणतो. रावजीची भाजवळ काल संध्याकाळीच पेटून राख झाली होती.

रावजीला चोर म्हणता येत नाही, हेच तर दुखणं. आमच्याकडे दुसऱ्याची एक कैरी उचललीत तर सात पिढ्यांचा उद्धार ऐकावा लागेल. पातेऱ्याला मात्र कुणी कुणाला विचारत नाही. उलट नेला तर आवार झाडून दिल्याचे उपकार. हौसानेसुद्धा तो असाच दहा जणांच्या झाडांखालून आणला होता. मग भांडायचं तरी कुठल्या तोंडानं?

हौसा मूळची मंडणगडाकडची. डोंगरातली पोर, लहानपणापासून पऱ्याचं, म्हणजे ओढ्याचं, पाणी डोईवर वाहणारी. लग्न होऊन इकडे सड्यावर, या कातळाच्या माळावर, आली तेव्हा सासूला म्हणाली होती, "हितं मानसा ऱ्हातत तरी कशी? जमीन हाय का तवा हाय?" पावसात चार महिने इथं छत्री टिकत नाही, आणि शिमगा झाला की चिमणीला पाणी नाही. खाली सगळा जांभा. माती वीतभर, तीही पऱ्याच्या वाटेनं समुद्राला जायच्या तयारीत. नवरा मुंबईत एका कँटीनला होता. आता परत आलाय आणि टीव्हीपुढे बसून हौसाला पाणी कसं घालावं ते सांगतो.

या सड्यावर विनीतने बंगला बांधला. गावचाच पोरगा, ठाण्याला असतो, हौसाला मावशी म्हणतो. त्याने आधी गवताच्या गुंडाळ्या आणून सतरंजीसारख्या अंथरल्या. लॉन. आठवड्याला दोन टँकर प्यायलं ते गवत, आणि मे महिन्यात करपलेल्या भाकरीसारखं झालं. दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच. तेव्हा झाडलोट करायला येणारी हौसा त्याला म्हणाली, "गुरा तरी पालायची व्हतीस, खाऊन तरी गेली असती. मना दे ही जागा."

तिने कातळातल्या भेगा शोधल्या. पहारीने त्या रुंद केल्या, बांधावरची माती भरली आणि एकतीस झाडं लावली. सुरंगी, बकुळ, रातांबा, उंडी. कडेनं कुंपणाला करवंद. प्रत्येक झाडाच्या बुडाशी एक मडकं पुरलं, तळाला भोक पाडून त्यात चिंधीची वात. पाणी टँकरचं नाही. छपराची पागोळी ज्या टाकीत जाते त्या टाकीचं. वर पातेरा, म्हणजे ऊन पाण्याला शिवत नाही.

विनीतने अट घातली होती. मिरगापर्यंत टँकर न मागवता सगळी झाडं जगली, तर बाग मावशीच्या पद्धतीने. नाहीतर पावसाळ्यानंतर पुन्हा लॉन, आणि टँकरवाल्याशी कायमचा ठराव. पहिलं वर्ष निभावलं. या वर्षी चैत्रात हे असं झालं.

हौसाने टाकीत बांबू बुडवला. ओल कमरेइतकी. पातेरा असता तर दर चौथ्या दिवशी मडकी भरून मिरग गाठता आला असता. आता उघड्या आळ्यांना रोज पाणी लागणार, म्हणजे पंधरा दिवसांत टाकी कोरडी. आणि नवा पातेरा आणावा, तर गावातल्या प्रत्येक झाडाखाली झाडून लख्ख केलेलं. सगळ्यांच्याच भाजवळी लागून गेलेल्या.

"मी काय करू सांग," रावजी म्हणाला. "पाया पडू?"

"पाया पडून काय ओल येतेय? टेंपो काढ."

मांडवीच्या किनाऱ्यावर अयूब शहाळी विकतो. त्याच्या गाडीमागे सोडणांचा, म्हणजे नारळाच्या सालांचा, ढीग असतो. हौसाने ती मागितली तेव्हा तो हसला. "न्या, खाला, न्या. ढीग हटव म्हणून लोक रोज माझ्याशी भांडतात. मागायला आलेल्या तुम्हीच पहिल्या."

पण टेंपो लहान, आणि आदल्या दिवशीच अर्धा ढीग कुणीतरी न विचारताच उचलून नेलेला. हौसाने सोडणं कोयत्याने चिरून पातेऱ्याऐवजी बुडाशी पालथी मांडायला घेतली. एकोणीस झाडांना पुरली. बारा उरली, त्यात तीन बकुळी. रावजी म्हणाला, "थोडी थोडी समद्यांना वाट की."

"म्हंजे समदीच मरतील. तुझ्या भाजवळीत तू असाच वाटतोस काय?"

तिने बारा झाडांची मडकी उपसून काढली. एक फुटलं. त्यावर रावजीला एक शिवी आणि कातळाला एक. उरलेली अकरा एकोणिसांतल्या मोठ्या झाडांना दुसरं मडकं म्हणून पुरली.

एवढ्यात विनीतचा फोन आला. शनिवारी तो एका बागवाल्याला घेऊन येणार होता, नुसतं बघायला.

"कशी आहेत झाडं, मावशी?"

रावजी मान हलवून खुणावत होता, सांगू नको. हौसाने त्याच्याकडे पाठ केली.

"बारा गेली असा धर. एकोनीस जगवतंय."

"पण आपलं ठरलं होतं सगळी..."

"ठरला व्हता. पातेरा गेला, म्हनून बारा गेली. कुनी नेला ता इचारू नको, गावाच्या रीतीनं नेला. टँकर मी मागवलेला नाय नि मागवनार नाय. तू ये, बागवाल्याला आन. मिरगाला एकोनीस मोज. अठरा भरली तर तुझा गवत मी सोता अंथरीन."

विनीत म्हणाला, "मिरगापर्यंत थांबतो. पण शनिवारी तो माणूस येणारच."

"येऊं दे. रिकामा नको म्हनावा, सोडना घेऊन ये."

तिने फोन ठेवला. ऊन डोक्यावर आलं होतं आणि सात मडकी भरायची बाकी होती. हौसाने डबा उचलला. आपटल्याने कड वाकली होती, ती दगडाने ठोकून सरळ केली.

"बघत काय ऱ्हायलास? दुसरा डबा घे. नि सांडू नको, बोटभर ओतायचा."

ती टाकीत उतरली.