नकार द्यायची गोड पद्धत

माझ्या भाचीचं जुळत आलेलं लग्न मी मोडलं, तेव्हा माझ्या हातात तर्री-पोह्यांची बशी होती आणि चेहऱ्यावर समाधान होतं.

समाधानाचं कारण आधी सांगतो. नोकरीतून मोकळा झाल्यावर मी एक ब्लॉग सुरू केला. वाचकांनी अडचण लिहून पाठवायची आणि मी उपाय लिहायचा. कूलरला वास येतो, शेजारी आमच्या फाटकासमोर गाडी लावतो, सासरे टीव्हीचा आवाज कमी करत नाहीत, कशालाही मी नाही म्हटलं नाही. (आमच्या स्वतःच्या कूलरचा वास अजून गेलेला नाही, पण तो प्रश्न आम्हाला कोणी लिहून पाठवलाच नाही.) वाचक वाढत गेले तसा माझा हातही सैल सुटला. पुढे पुढे तर अडचण पूर्ण वाचून व्हायच्या आत उपाय तयार असायचा.

सगळ्यात गाजला तो 'स्थळाला नकार द्यावा, पण मन दुखवू नये' हा लेख. या विषयात माझा अधिकार मोठा आहे. लग्नाच्या वयात मला इतक्या घरांतून गोड नकार मिळाले होते की सगळी पद्धत तोंडपाठ झाली होती. पोह्यांची तोंड भरून स्तुती करावी आणि ते कसे केले हे विचारून घ्यावं. मग घर किती हवेशीर आहे ते सांगावं. चहा आवर्जून दुसऱ्यांदा मागावा. आणि उठताना म्हणावं, "घरी बोलून कळवतो." एवढं केलं की समोरचे लोक हसतमुखाने फाटकापर्यंत सोडायला येतात, आणि आपल्याला नकार मिळालाय हे त्यांना आठवडाभराने उमगतं.

आता भाची. माझी ताई पारशिवनीला राहते. तिची पूर्वा नोकरीसाठी नागपुरात आमच्याकडे असते. भाऊजी गेल्यापासून अशा वेळी घरातर्फे बोलायचा मान माझा. खापरखेड्याच्या वीज केंद्रात इंजिनिअर असलेल्या निखिलचं स्थळ आलं, दोघांचं फोनवर बोलणं सुरू झालं आणि पूर्वाचा चेहराच बदलला. आईबाबांना घेऊन तो आमच्याकडे यायचा होता, त्या दिवशी सकाळी तिने मला बाजूला घेतलं.

"मामा, मले पोरगा पसंद आहे. तुम्ही फक्त जरा कमी बोलजा."

मी हो म्हणालो. मनापासून म्हणालो. पोर आमच्या घरात वाढल्यासारखीच, तिचं भलं व्हावं याहून दुसरी इच्छा मला नव्हती.

ताई आदल्या दिवशीच पारशिवनीहून आली होती. पाहुणे आले. पोह्यांचा पहिला घास घेताच निखिलचे बाबा म्हणाले की असे पोहे उभ्या जन्मात खाल्ले नाहीत, कसे केले ते सांगाच. मी सुखावलो. मग त्याच्या आईने छताकडे पाहिलं आणि घर मोठं हवेशीर आहे असं म्हटलं. (भर मे महिना, वीज गेलेली, कूलर गप्प, आणि आम्ही सगळे घामाने निथळत होतो!) माझ्या मनात पाल चुकचुकली. तेवढ्यात माउलीने कपाळ पुसत रिकामा कप पुढे केला आणि म्हणाली, "अजून अर्धा कप चालंल."

आता शंकेला जागाच उरली नाही. माझाच लेख, त्याच क्रमाने, माझ्याच घरात! पोराच्या मनात काही असो, आईबापांनी नकार ठरवून आणला होता.

मी बशी घेऊन तसाच स्वयंपाकघरात गेलो आणि ताईला सांगितलं. तिच्या हातातला झारा तसाच राहिला.

"आता काय करायचं गा?"

उपाय अर्थातच तयार होता. त्यांनी नाही म्हणायच्या आत आपण नाही म्हणायचं, म्हणजे पोरीची इज्जत राहते. ताई म्हणाली, पूर्वाचा जीव आहे त्याच्यावर. बायको म्हणाली, अहो, जरा दम धरा. पण वाचकाची अडचण आणि सख्ख्या भाचीची अडचण यांत फरक असतो. भाचीच्या अडचणीवर दम धरवत नाही. मी बाहेर आलो, खुर्चीत बसलो आणि गोड आवाजात म्हणालो, "पोरगा हिरा आहे जी तुमचा. पण पत्रिकेत जरा अडचण दिसून राहिली."

निखिलच्या बाबांनी शांतपणे माझ्याकडे पाहिलं.

"पत्रिका त आम्ही अजून देल्लीच नाही."

बाबांनी बशी खाली ठेवली. आईने पदर सावरला. दोघं उठले. आतल्या दारात पूर्वा उभी होती, तिचे डोळे भरले होते आणि ती माझ्याकडे पाहत होती.

निखिल तेवढा बसून होता. त्याने हळूच विचारलं, "मामा, आमचं काही चुकलं का? मी त सगळं तुमच्या लेखाप्रमाणंच करून राहिलो होतो."

"तेच म्हणतो मी," मी म्हणालो. "नकाराचा लेख."

"नाही जी." त्याने फोन पुढे केला.

वर माझा हसरा फोटो. खाली मथळा, 'मुलगी पसंत पडली, तर तिच्या घरच्यांना कसं जिंकावं?' त्याखाली पोहे, कृती, हवेशीर घर, दुसरा चहा. मग मला सगळं आठवलं. नकाराचा लेख घाईत हवा होता, म्हणून मी हाच जुना लेख उचलला, मथळा बदलला आणि शेवटचं वाक्य नवं घातलं. (तेव्हा बायको जेवायला हाका मारत होती, माझाही नाइलाज होता.) जुन्या लेखात ते वाक्य होतं, 'आता हे घर आमचंच समजतो.' तेवढं एक वाक्य बोलायला मी त्यांना वेळच दिला नव्हता.

"लेख मीच पाठवला होता," पूर्वा दारातून म्हणाली. "म्हटलं, मामा खूश होतील."

निखिलने येताना गाडीत आईबाबांकडून सगळं पाठ करून घेतलं होतं. त्याची आई कळवळून म्हणाली, "मले चहानं पित्त होते वं बाई. पोरापायी घेतला दुसरा कप."

त्याच्या बाबांनी हात जोडले. "भाऊ, आता तो लेख ठेवा बाजूले. पोरगी आम्हाले पसंद आहे. तुमचं काय ते सरळ सांगा."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. ताईने त्यात संत्रा बर्फीचा अख्खा तुकडा कोंबला आणि म्हणाली, "आमालेही पसंद आहे."

लग्न ठरलं. माझ्या तोंडातली बर्फी संपेपर्यंत लग्नाचा महिनासुद्धा ठरून गेला.

पाहुण्यांना फाटकापर्यंत सोडून आम्ही आत आलो. ताई, बायको आणि पूर्वा, तिघी माझ्यासमोर ओळीने बसल्या. पूर्वा हसत होती की रडत होती, मला नक्की सांगता येणार नाही.

"मामा, लग्न होईपर्यंत तरी तो ब्लॉग बंद ठेवसान का?"

मी पोह्यांची तारीफ केली. घरात हवा छान येते म्हणालो. अजून अर्धा कप चहा मागितला. आणि उठता उठता म्हणालो, "घरी बोलून कळवतो."