काजूच्या टरफलांसाठी डिचोलीला

लोक गोव्याहून काजूगर आणतात. आम्ही टरफलांचं तेल आणायला निघालो. माझी बायको मंजिरी कोल्हापुरात रसायनशास्त्रात पीएचडी करते. या तेलापासून ती एक संयुग बनवते. ते थोडंसं मिसळलं की बायोडिझेल साठवणीत खराब होत नाही. म्हणजे होऊ नये! बाजारातलं तेल भेसळीचं निघालं, प्रयोग फसत गेले आणि तिचे मार्गदर्शक सर म्हणाले, "आता जमलं नाही तर विषय बदला." एवढ्या वर्षांची मेहनत पाण्यात. मंजिरीच्या मावशीच्या यजमानांचा डिचोलीत काजूचा कारखाना आहे, म्हणून शनिवारी पहाटेच मोटारसायकल काढली.

आंबोलीचा घाट सकाळीच उतरा, नंतर ट्रकमागे रांगावं लागतं. पेट्रोल मात्र हद्द ओलांडून भरा, गोव्यात स्वस्त पडतं. दुपारी पेडण्यात मावशीकडे सुंगटांचं हुमण, म्हणजे कोलंबीचं कालवण, इतकं हादडलं, की संध्याकाळचं फिरणं मी झोपेतच केलं.

दुसऱ्या दिवशी वाटेत म्हापशात पातळभाजी आणि उंडे, म्हणजे इथले गोल पाव, खाऊन डिचोली गाठली. मावशी काकांबरोबर आधीच हजर. घाण्यातून काळपट तेल मंजिरीच्या बाटलीत उतरलं, तशी मावशी कौतुकानं म्हणाली, "बाटलेक कसलोसो वास येय होतो गो. रातीच धुवन आतसून खोबरेल लायलंय."

या तेलानं कातडी सोलवटते, म्हणून इथे हातांपासून सुरीपर्यंत सगळ्याला खोबरेल चोपडतात. पण मंजिरीच्या शुद्ध तेलात आता तेच मिसळलं होतं! ती मटकन पोत्यावर बसली. मावशीचा चेहरा एवढासा झाला. मला दोघींचंही वाईट वाटलं.

"एक पोतां उरलां हा. परत काढूया," काका म्हणाले.

मंजिरीकडे दुसरी कोरी बाटली होती, पण कामगार बायकांचे हातही खोबरेलाचेच. मग ती स्वतःच टरफलं घाण्यात टाकू लागली. हातमोजे फाटले, तरी थांबली नाही.

"हाताक तेल लाय गो, चेडवा!" मावशी विनवत होती.

"नको मावशी, परत मिसळेल."

परतताना तिच्या बोटांना फोड आले होते, तरी स्वारी मागे बसून गाणी म्हणत होती. तुम्ही गेलात तर गर खुशाल खा, ओल्या टरफलांना हात लावू नका.

गेल्या आठवड्यात निकाल लागला. टिकतं का ते लवकर कळावं म्हणून तापवत ठेवलेलं साधं बायोडिझेल खराब झालं, तिचं संयुग घातलेलं जसंच्या तसं! सर खूश. मंजिरीनं लगेच पेडण्याला फोन लावला.

"मावशी, जमलं! डिझेल टिकलं!"

"डिझेलाचा ऱ्हवांदे गो. बोटां बरी झाली मां?"

प्रयोग फसत होते तेव्हा एकदाही न रडलेली माझी बायको फोन कानाला लावून हुंदके देऊ लागली.