फ्रीजरचा खालचा ड्रॉवर

दुबईतल्या आमच्या अल कुसैसच्या घरात ओट्यावर एक एअर फ्रायर आहे. मी त्याला हात लावत नाही. पाहुणे विचारतात तेव्हा नवरा हसून सांगतो, "तिला तळलेलंच आवडतं." मग मी विषय बदलते. खरं कारण तो सांगत नाही, म्हणून इथे मी सांगते.

मुलगी झाली तेव्हा मला जेमतेम दोन महिन्यांची रजा मिळाली. मग ऑफिसात, प्रिंटरच्या कागदांचे खोके ठेवतात त्या खोलीत, दार लावून मी पंपानं दूध काढायचे. बाहेरून कुणीतरी ठोठावायचंच, "मॅडम, ए-फोर चाहिए." मिटिंग लांबली की छाती ठणकायची आणि कुर्ता भिजायचा. ओढणी सारखी करत मी प्रेझेंटेशन द्यायचे. पण दूध मुलीला पुरून उरत होतं. उरलेलं मी पिशव्यांत भरून, तारीख घालून, फ्रीजरच्या खालच्या ड्रॉवरमध्ये मटारच्या पाकिटांखाली रचून ठेवायचे. ते फेकायचं माझ्या जिवावर यायचं.

आमच्या खालच्या मजल्यावर दापोलीकडचं एक मुसलमान कुटुंब राहतं. त्यांच्या सुनेला आठव्या महिन्यात मुलगा झाला. तिला दूध येईना, आणि डब्याचं त्याला पचेना. डॉक्टरांनी सांगितलं, दुसऱ्या कुठल्या आईचं मिळालं तरी चालेल. पण इथे दूधपेढी नाही. मी आपणहून म्हटलं, माझं न्या.

तिची सासू, जिला सगळी बिल्डिंग खाला म्हणते, लगेच वर आली. मला वाटलं, पैशाचं विचारायला आली असेल. तेही तिनं विचारलं, मी नको म्हटलं. पण तिचं काम वेगळंच होतं.

"आमच्यात पाच वेळा पोटभर पाजलंस, का तू त्याची दूधआई झालीस," ती म्हणाली. "तुझी पोरगी त्याची बहीण. सख्खीच धर. त्यांचा निकाह कधी व्हायचा नाय. म्हणून तर हितं पेढी नाय. धा बायांचं दूध एकत्र केलं, तर कोण कोणाचा भाऊ ता कसं कळायचं? म्हणून इचारतंय, तुझं दूध आजून कोण पोर प्यायलंय काय?"

"फक्त माझी मुलगी," मी बेधडक सांगितलं.

खालानं सुनेकडून एका कागदावर माझं आणि मुलीचं नाव लिहून घेतलं आणि तो कुराणाच्या कापडी गिलाफात ठेवला. मला तेव्हा फार बरं वाटलं. ऑफिसनं ज्याला अडचण मानलं, घरानं ज्याला फ्रीजरमधली गर्दी मानलं, त्याची कुणीतरी नात्यात गणती केली होती.

दहा-बारा दिवस मी रोज ताजं दूध खाली देत होते. पोराच्या गालांवर जरा मांस दिसायला लागलं. मग मला ताप आला, दूध आटलं, आणि एका शनिवारी सकाळी मी साठवलेल्या पिशव्या काढायला ड्रॉवर ओढला. मटार होते. मटारखाली काही नव्हतं.

नवरा चहा पीत होता. "अगं, ते विकलं ना, तू खाली द्यायला लागलीस त्याच्या आदल्याच दिवशी," तो म्हणाला. "फोनवर एक ग्रुप आहे, त्यात अ‍ॅड टाकली. दोन दिवसांत गेलं. चारशे दिरहम, म्हणजे नऊ हजारांच्या वर! एअर फ्रायर कुठून आला मग? तुला सरप्राइज द्यायचं होतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या एअर फ्रायरचं मी व्हिडिओ कॉलवर आईला कौतुक सांगितलं होतं. न मागता आणला म्हणून.

"कुणाला विकलंस?"

"होती कोणीतरी बाई. मेट्रोच्या पार्किंगमध्ये आली, पैसे दिले, गेली."

"तिला मुलगा आहे की मुलगी?"

"मी कशाला विचारू? नो नेम्स, असंच ठरलं होतं. चॅटही डिलीट केलं, उगाच लफडं नको. मस्त अ‍ॅड होती पण. 'वेजिटेरियन मदर' लिहिलं होतं, त्यानं भाव येतो."

मी आठवड्यातून दोनदा बांगडा खाते. तोच आणून देतो.

मी त्याला खालाची गोष्ट सांगितली. तिनं काय विचारलं, मी काय उत्तर दिलं, सगळं. तो म्हणाला, "मग सांगू नकोस. कोणाला कळणार आहे? तू हिंदू, तुझा काय संबंध? खलास, विषय संपव."

विषय संपव! माझ्या अंगातलं दूध मला न विचारता विकायचं, मला खोटं पाडायचं आणि वर मलाच गप्प बसायला सांगायचं. मला त्याच्या हातातला कप भिरकावून द्यावासा वाटला. दिला नाही, याचा मला अजून राग येतो. सांगितलं तर ते माझं दूध बंद करतील आणि पोर पुन्हा डब्यावर जाईल, ही भीती मला होतीच. तरी मी तशीच तापात जिना उतरले.

सगळं ऐकून सून रडायला लागली. खालानंही तेच विचारलं, मुलगा का मुलगी? माहीत नाही, अशी मी मान हलवली.

"पाचच्या वर कवाच पाजून झालंय," ती म्हणाली. "नातं लागलं ता आता तुटायचं नाय. ताप उतरला का पाजीत जा." तिनं गिलाफातला कागद काढला आणि सुनेला सांगितलं, "खाली लिव. आनी एक. नाव ठावं नाय."

माझ्या नवऱ्याबद्दल ती एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

आता तो मुलगा आणि माझी मुलगी एकाच स्कूलबसनं जातात. इथल्या गर्दीत, बागेत, मॉलमध्ये त्यांच्या वयाचं पोर दिसलं की मी अजून निरखून बघते. कशावरून ओळखणार, ते मलाही माहीत नाही.

परवा मुलगी खालून खेळून आली. खालानं तिला तो कागद दाखवला होता. नाश्त्याला नवरा एअर फ्रायरमध्ये बटाट्याचे काप करत होता.

"ममा, खाला सेज आय हॅव टू सिब्लिंग्ज. हू इज द अदर वन?"

"तुझ्या बाबांना विचार," मी म्हटलं.

ती त्याच्याजवळ गेली, त्याचा शर्ट ओढला आणि विचारलं. तो काप हलवत राहिला. ती शर्ट धरून उभी होती, आणि या वेळी मी विषय बदलला नाही.